उंची कमी, प्रवास लांबचा: मोटरसायकल कशी निवडाल?

फक्त सीटची उंची पाहू नका, रुंदीही पाहा. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय कमी पोचतो. बूट घालूनच बसून बघा. दोन्ही चवडे नीट टेकले की पुरे. रॉयल एनफिल्डच्या मीटिअर ३५० ची सीट ७६५ मिमी, वजन १९१ किलो. बजाजच्या ॲव्हेंजर २२० क्रूझची ७३७ मिमी, १६३ किलो. ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटात चढावर थांबलात की वजनच जड जातं, म्हणून नवशिक्याला मी ॲव्हेंजर सुचवीन. मात्र तिच्यावर पाय पुढे राहत असल्यानं खड्ड्याचा दणका थेट कंबरेत बसतो, तासाभरानं उतराच.

लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणून गाडी बुटकी करणारा जोडभाग) लगेच नको: स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासतं, साइड स्टँड लांब पडून गाडी कलंडते. आधी सीटच्या पुढच्या कडांचा फोम छाटून घ्या, मधला तसाच ठेवा.