वाचकांचे प्रश्न: झाडांच्या सावलीतील फुलझुडपे

प्रश्न: गोव्यातील सांगे तालुक्यात आमच्या घरामागे मत्ती, किंदळ, फणस आणि भिरंडीची (कोकमाची) जुनी झाडे आहेत. त्यांच्याखाली फुलझुडपे लावण्याची इच्छा आहे. सध्या तिथे चांगले ऊन येते, म्हणून चैत्रातच रोपे आणून लावावीत असे वाटते. कोणती झुडपे निवडावीत आणि झाडांच्या मुळांना धक्का न लावता ती कशी लावावीत?
एक वाचक, सांगे

उत्तर: आपण झाडे न तोडता त्यांच्याखाली बाग करू पाहता, याचा मनापासून आनंद वाटला. मात्र रोपे चैत्रात लावू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मत्ती आणि किंदळ ही पानगळीची झाडे असल्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांच्याखाली जे ऊन दिसते ते पावसाळ्यात राहत नाही. नवी पालवी भरली की तीच जागा दाट सावलीत जाते आणि ऊन पाहून लावलेले झुडूप पाने धरते, पण फुलत नाही. शिवाय गोवा साधारण 15 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने एप्रिलच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो. त्यामुळे फणसासारख्या सदाहरित झाडाच्या उत्तरेकडील जागेला हिवाळ्यात ऊन फारसे मिळत नाही. हे दोन्ही लक्षात घेऊन आताचा वसंत जागा पाहण्यात आणि खड्डे तयार करण्यात घालवावा, आणि लागवड मृगाचा पाऊस जमिनीत नीट मुरल्यावर करावी. एप्रिल-मेच्या उन्हात लावलेल्या कोवळ्या रोपाला रोज पाणी दिले तरी ते मोठ्या झाडांच्या मुळांशी स्पर्धा करू शकत नाही.

निवडीबाबत माझा कौल आपल्याच रानातल्या झुडपांना आहे. पहिले नाव अंजनीचे. जांभ्या दगडाच्या उथळ मातीतही ती तग धरते, सावली सोसते, आणि उन्हाळ्यात तिच्या जुन्या, पाने नसलेल्या फांदीलाच निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक घोस चिकटतात. जवळ जाऊन पाहिल्यास फांदीवर कोणी रंगीत मणी दाटीने बसवले आहेत असे वाटते. तिची वाढ मंद असते, एवढे मात्र धीराने घ्यावे लागते. पिटकोळीला (इक्झोरा) दिवसातून तीन-चार तास तरी ऊन हवे, म्हणून ती राईच्या कडेला शोभते. भूतकेसाची केशरी फुले लहान असतात, पण त्यांच्याजवळचे पांढरे, पानासारखे दल पावसाळ्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दुरूनही उठून दिसते. भांडीर सावलीत सहज येते, परंतु मुळांपासून फुटवे फुटून पसरते. त्यासाठी स्वतंत्र कोपरा राखून ठेवावा. सुवासासाठी कुंती घ्यावी. जास्वंद आणि मोगरा यांना भरपूर ऊन लागते, ते अंगणातच ठेवावेत. घाणेरी फुलते म्हणून तिला बागेत थारा देऊ नये. ती मूळची परदेशी असून देशी झुडपांची जागा बळकावते.

रोपे रोपवाटिकेतून किंवा शेजाऱ्यांच्या कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) बी अथवा छाट घेऊन मिळवावीत. अभयारण्यातून झाड उपटून आणणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि असे उपटलेले झुडूप बहुधा जगतही नाही.

खड्डा खोडापासून किमान दोन मीटर दूर घ्यावा. कुदळीऐवजी लहान हत्याराने सावकाश खणावे आणि अंगठ्याहून जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डा बाजूला सरकवावा. रुंदी-खोली 45 सेंटिमीटर पुरते. जांभ्यात मात्र एक परीक्षा आवश्यक आहे: खड्डा पाण्याने भरून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच साचलेले दिसले तर तिथे खोल लावू नये, 15 सेंटिमीटर उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर रोप बसवावे, कारण गोव्याच्या मुसळधार पावसात मुळे कुजून रोपे मरतात ती बहुधा अशाच जागी. खणलेल्या मातीत कुजलेला पातेरा (पालापाचोळा) आणि जुने शेणखत मिसळून खड्डा पावसापूर्वी भरून ठेवावा. उरलेला पातेरा जाळू नये. पावसाळा सरल्यावर तोच रोपाभोवती सात-आठ सेंटिमीटर जाडीने पसरावा, पण खोडाला टेकू देऊ नये, आणि मोठ्या झाडांच्या बुंध्याशी मातीचा ढीग कधीही करू नये. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा खोलवर पाणी द्यावे.

प्रश्न: अबोली सावलीत येईल का?
एक वाचक, फोंडा

उत्तर: सकाळचे ऊन आणि दुपारची सावली तिला मानवते, दाट सावलीत ती उंच वाढते आणि फुले कमी देते. पाणी साचू देऊ नये. बोंडे सुकल्यावर ओली झाली की तडकून बी दूर फेकतात, म्हणून बी हवे असल्यास बोंडे पावसापूर्वीच काढून घ्यावीत.