पशुवैद्यकीय पदवी आणि आपत्तीतील मदतकार्य : ऐरोलीच्या पालकांस उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपली कन्या बारावी विज्ञान शाखेत आहे, नीटच्या गुणांवर शासकीय एमबीबीएसची जागा मिळणे कठीण दिसते, पशुवैद्यकीयला मात्र प्रवेश मिळू शकेल, आणि तिला पुढे आपद्ग्रस्तांसाठी काम करायचे आहे, असे आपण कळवले आहे. ‘जनावरांची डॉक्टर होऊन ती संकटातल्या माणसांच्या काय उपयोगी पडणार?’ हा आपला प्रश्न आहे, तर तिला ‘वन हेल्थ’ (माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार) या विषयाची थेट पदवी हवी आहे.

आधी आपल्या प्रश्नाकडे वळतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या गावांतून दारात बोट आली तरी गोठ्यातली जनावरे सोडून निघायला अनेक कुटुंबे तयार होत नव्हती. जनावरांची सोय होत नाही तोवर माणसांची सुटकाही अडते आणि पाणी ओसरल्यावर मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणे व पिण्याचे पाणी शुद्ध राखणे ही एकमेकांत गुंतलेली कामे होऊन बसतात. आपल्या ठाणे परिसरातला लेप्टोस्पायरोसिसही तसाच आहे. उंदीर, कुत्री आणि तबेल्यातली जनावरे यांच्या मूत्रातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात, त्या पाण्यातून चालणाऱ्याच्या पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात आणि काही दिवसांनी ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत असह्य दुखणे घेऊन तो माणूस दवाखान्यात येतो. डॉक्टर त्याला बरे करतील, पण कचरा, उंदीर आणि तबेले जिथल्या तिथे राहिले तर पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या घरातला रुग्ण येईल.

मदतकार्याच्या मोठ्या पटावर हीच गुंतागुंत बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे दिसली. ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तेथे आले आणि कुटुपालोंगची छावणी हत्तींच्या जुन्या वाटेवरच पसरली. झोपड्या आणि सरपण यांसाठी टेकड्या उजाड झाल्या, रात्री हत्ती छावणीत शिरू लागले आणि दहाहून अधिक माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने निसर्गसंवर्धनात काम करणाऱ्या आययूसीएनच्या साथीने टेहळणीचे मचाण उभारले आणि निर्वासितांतूनच स्वयंसेवकांची पथके तयार केली, जी हत्तीला न डिवचता जंगलाकडे परतवतात. पुढे कुटुंबांना स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर दिल्यावर लाकूडतोड घटली, चुलीच्या धुरातून सुटका झाली आणि उघड्या टेकड्यांवर पुन्हा झाडे लावता आली. गॅस सिलिंडरचा हिशेब ठेवणारा माणूसही येथे आरोग्याचेच काम करत होता, हे आपल्या कन्येने आवर्जून लक्षात घ्यावे.

म्हणूनच बारावीनंतर ‘वन हेल्थ’ नावाची पदवी शोधत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम 2022 मध्ये या विषयासाठी औपचारिकरीत्या एकत्र आले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर येथे राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, त्यामुळे क्षेत्र वाढणार यात शंका नाही. परंतु आपत्तीच्या ठिकाणी पथकाला हवा असतो तो साथ ओळखणारा पशुवैद्य, पाणी तपासणारा अभियंता, लसीकरण करणारी परिचारिका. हातात यांपैकी एकही कसब नसेल, तर माणूस बैठकांचे इतिवृत्त लिहिण्यातच अडकतो.

पशुवैद्यकीय पदवी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची आहे. प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो, मात्र अर्ज नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या स्वतंत्र प्रक्रियेतून करावा लागतो, आणि एमबीबीएसच्या फेऱ्यांकडे डोळे लावून बसलेल्या घरांत नेमकी हीच तारीख हुकते. 1886 मध्ये सुरू झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय याच विद्यापीठाचे आहे. पदवीनंतर लगेच परदेशी जाण्याऐवजी तिने काही वर्षे लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या पशुधन विकास अधिकारी या पदावर काढावीत, असे मी सुचवेन. चारा छावणी, पूर, बर्ड फ्लू या सर्व प्रसंगी त्याच अधिकाऱ्याला पुढे व्हावे लागते. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात, बर्ड फ्लू आढळला होता. त्या अनुभवावर सार्वजनिक आरोग्यात किंवा देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेतले तर त्याला वजन येते. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांतील बहुतेक नेमणुका मात्र मुदतीच्या कराराच्या असतात, त्यामुळे दोन करारांमधल्या रिकाम्या महिन्यांची आर्थिक तयारी आपण घरातच बोलून ठेवावी.

प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत तिला एखाद्या प्राणी निवारा केंद्रात पाठवण्याचा आपला विचार उत्तम आहे. पिंजरे धुणे, जखमेतल्या अळ्या काढणे आणि वास सोसणे तिला जमते का, हे तेथे लवकर कळेल. तत्पूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने तिला रेबीजची प्रतिबंधक लस अवश्य टोचून घ्यावी.

आपला,
करिअर समुपदेशक, ठाणे