बाइंडिंग शिकायचंय, पण फी परवडत नाही

प्रश्न: ताई, मी बॉस्टनला राहते. पुस्तकबांधणी शिकायचीय पण कोर्स खूप महाग आहेत. काय करू?

उत्तर: अगं, गिल्ड ऑफ बुक वर्कर्स ही पुस्तकबांधणी करणाऱ्यांची १९०६ची संस्था, तिचा न्यू इंग्लंड चॅप्टर तुझ्याच भागात आहे, त्यांना सरळ विचार की वर्कशॉपला टेबलं मांडायला, आवराआवरीला माणूस हवंय का, कारण जाणकारांचे हात जवळून बघायला मिळणं हेच खरं शिक्षण गं. तोवर घरी कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, ओळखायला शीक: कागद हलकेच वाकव, जिकडे सहज वाकेल ती घडी ग्रेनच्या दिशेने, आणि ती पुस्तकाच्या कण्याला समांतरच हवी, नाहीतर खळ लागली की कागद फुगतो, पानं नीट उघडत नाहीत. आणि घरातल्या जुन्या पोथीवर पहिला प्रयोग अजिबात नको, सेलोटेप तर नाहीच नाही!