हास्यक्लबातलं खोटं हसणं मेंदूला खरं वाटतं का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. वडील गेल्यानंतर तुमच्या आई घरात एकट्या पडल्या, शेजारच्या काकूंनी त्यांना बागेतल्या हास्यक्लबात नेलं आणि आता त्या रोज सकाळी जातात. तिथे सांगतात की मेंदूला खऱ्या आणि खोट्या हसण्यातला फरक कळत नाही, त्यामुळे खोटं हसलं तरी फायदा तेवढाच. हे खरं आहे का, हा पहिला प्रश्न. आणि असं हसता हसता आई आपलं दुःख आतल्या आत दाबून तर टाकत नाही ना, ही तुमची खरी काळजी.

आधी थोडक्यात सांगते. फरक मेंदूला चांगलाच कळतो. तरीही आईंना क्लबात जाऊ द्या. फायदा होतो, फक्त तो क्लबात सांगतात त्या कारणाने होत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पक्षाघात झालेल्या रुग्णांचे व्यायाम घेते. चेहऱ्याची एक बाजू गेलेल्या रुग्णाला "दात दाखवा" किंवा "हसून दाखवा" असं सांगितलं की ओठाचा एकच कोपरा वर जातो, दुसरा तसाच ओघळलेला राहतो. मग घरातलं कुणीतरी काही गमतीचं बोलतं, आजोबा मनापासून हसतात, आणि दोन्ही कोपरे सारखे वर जातात! नातेवाइकांना वाटतं चमत्कार झाला. चमत्कार नसतो. ठरवून चेहरा हलवायचा आदेश मेंदूच्या वरच्या भागातून एका वाटेने खाली येतो, आणि आपोआप फुटणारं हसू भावनांशी जोडलेल्या आतल्या भागांतून दुसऱ्या वाटेने येतं. पक्षाघातात अनेकदा पहिली वाट तुटते आणि दुसरी शाबूत राहते. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, इजा नेमकी कुठे झाली त्यावर ते ठरतं. पण ज्यांच्यात होतं त्यांच्याकडे एकदा पाहिलं की ठरवून हसणं आणि हसू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याबद्दल शंका उरत नाही.

ऐकणाऱ्यालाही हा फरक कळतो. लंडनमध्ये सोफी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना खरं हसणं आणि मुद्दाम काढलेलं हसणं, दोन्ही ऐकवलं आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. ऐकणाऱ्यांना हसणं हा प्रयोगाचा विषय आहे हे सांगितलेलंच नव्हतं. तरीही मुद्दाम काढलेलं हसणं ऐकताना मेंदूचा पुढचा, समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेणारा भाग जास्त कामाला लागला. म्हणजे 'हा माणूस असा का हसतोय?' हा शोध न सांगताच सुरू झाला. खरं हसणं ऐकताना त्याची तेवढी गरज पडली नाही.

मग क्लबातल्या त्या 'हो हो, हा हा हा'चा उपयोग काय? यासाठी हास्यक्लब सुरू कसे झाले ते पाहायला हवं, कारण उत्तर तिथेच आहे.

१३ मार्च १९९५ ला सकाळी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला कॉम्प्लेक्समधल्या बागेत पहिला क्लब भरवला. सुरुवातीला माणसं होती पाच. एकेकाने मधे यायचं, विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं, अशी पद्धत होती. दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले. मग चावट विनोद सुरू झाले, टोचणारे सुरू झाले, आणि काही जण दुखावले. क्लब मोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी विनोद बंदच करून टाकले आणि नुसतं हसायला लावलं. सुरुवात खोटी होती, पण एकमेकांकडे बघता बघता लोक खरंच हसायला लागले. पुढे त्याला श्वसनाची आणि टाळ्यांची जोड मिळाली, नमस्ते हास्य, लस्सी हास्य, सिंह हास्य असे प्रकार आले, आणि हे सगळं देशोदेशी पोचलं. आपल्या मुंबईतल्या एका बागेतून निघालेली गोष्ट आज जगभर चालते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

विनोद काढून टाकला तरी हसणं उरलं, या घटनेत मोठं सत्य आहे. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे विद्यार्थी दुकानांत, रस्त्यांवर, कॉलेजच्या आवारात लोक कशावर हसतात ते टिपून घेत होते. बाराशे नोंदी झाल्या. त्यांतल्या जेमतेम १० ते २० टक्के वेळा हसण्याआधी बोललेलं वाक्य गमतीचं होतं. बाकी सगळी वाक्यं 'चला, निघतो मी' किंवा 'अरे, हा बघ कोण आलाय' अशा तऱ्हेची! ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, असं त्यांना आढळलं. आपण समजतो की हसणं ही विनोदाला दिलेली दाद आहे. मुळात हसणं हा माणसाने माणसाला दिलेला आवाज आहे: मी इथे आहे, तुझ्यासोबत आहे, आत्ता धोका काही नाही. बाळ बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, खळखळून हसतं ते याच कारणाने. तेव्हा त्याला विनोद कुठे कळत असतो?

हास्यक्लबाचा फायदा इथून येतो. खोटं हसणं फक्त दार उघडतं. समोरची जोशी काकू डोळे मिटून 'हा हा' करतेय, तिचा पदर सुटतोय, शेजारचे काका श्वास घ्यायला थांबलेत, आणि आपल्याला खरंच हसू फुटतं. ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं. सुरुवातीचं हसणं आणि पाच मिनिटांनंतरचं हसणं एकच नसतं. दुरूनसुद्धा तुम्हाला आवाजातला फरक ऐकू येईल.

आणि हे खरं, सोबतीतलं हसू शरीरात काय करतं, त्याचा चांगला अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमध्ये रॉबिन डनबार यांच्या गटाने लोकांना एकत्र बसवून विनोदी कार्यक्रम दाखवले, आणि आधी व नंतर दुखणं किती सहन होतं ते मोजलं. त्यासाठी दंडाला बर्फासारखी थंड पट्टी बांधायची किंवा रक्तदाबाची पट्टी आवळत न्यायची. पोट धरून हसल्यावर सहनशक्ती वाढलेली होती. गंभीर कार्यक्रम पाहणाऱ्यांत ती वाढली नाही. २०१७ मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या संशोधकांनी बारा जणांना जवळच्या मित्रांसोबत अर्धा तास विनोदी चित्रफिती पाहायला लावून नंतर मेंदूतल्या रसायनांचा अंदाज देणारे पेट (PET) स्कॅन केले, तेव्हा मेंदूत अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं, म्हणजे एंडॉर्फिनच्या जातीची रसायनं, जास्त स्रवल्याचं दिसलं. बारा ही संख्या लहान आहे, पण दिशा डनबार यांच्या प्रयोगाशी जुळते.

तुमच्या आईंना सर्वांत जवळचा अभ्यास तेहरानमधला आहे, २०११ साली प्रसिद्ध झालेला. तिथे नैराश्य असलेल्या वयस्कर बायकांचे तीन गट केले: एकीकडे हास्ययोग, म्हणजे हास्यक्लबात करतात तेच, दुसरीकडे गटाने साधा व्यायाम, तिसरीकडे काहीच नाही. काहीच न करणाऱ्यांच्या मानाने हास्ययोगाच्या गटाचं नैराश्य स्पष्ट कमी झालं. पण व्यायामाच्या गटाचंही झालं, आणि त्या दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. क्लबवाले यातला पहिला भाग आवडीने सांगतात. मला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. घराबाहेर पडणं, ठरलेल्या वेळी ओळखीचे चेहरे भेटणं, हातपाय हलवणं, कुणीतरी 'काल का नाही आलात?' असं विचारणं, हे दोन्ही गटांना मिळालं होतं.

चेहरा हसरा केला की मन हसरं होतं का, यावरही बराच वाद झाला आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दातात पेन धरायला लावून व्यंगचित्रं दाखवली होती. पेन धरताना चेहरा नकळत हसरा होतो, आणि त्यांना चित्रं जास्त गमतीची वाटली. हा प्रयोग फार गाजला. २०१६ मध्ये सतरा प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम दिसलाच नाही. मग २०२२ मध्ये १९ देशांतल्या जवळपास ३,९०० लोकांवर मोठी चाचणी झाली. ठरवून हसरा चेहरा केला तर आनंद थोडासा वाढतो, असं तिच्यात निघालं. दातातल्या पेनाचं मात्र ठाम काही निघालं नाही. थोडासा म्हणजे खरोखरच थोडासा. दुःखातल्या माणसाला आरशासमोर एकट्याने हसत बसायला सांगावं, इतका नक्कीच नाही.

दहा मिनिटं हसलं की अमुक किलोमीटर चालण्याचा व्यायाम होतो, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात, तेही सोडून द्या. प्रत्यक्ष मोजणीत दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटं मनमोकळं हसण्याने १० ते ४० कॅलरी खर्च होतात असं निघालं आहे. आईंचं सकाळचं चालणं क्लबासाठी बंद झालं असेल तर ते पुन्हा सुरू करायला सांगा.

आता दुसरा प्रश्न, दुःख दाबण्याचा.

हसणारा माणूस आनंदीच असतो असं नाही, ही तुमची शंका बरोबर आहे. १९६२ मध्ये टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या काशाशा गावी मुलींच्या निवासी शाळेत हसण्याची साथ आली. १५९ पैकी ९५ मुलींना ती लागली आणि शाळा बंद करावी लागली. त्या मुली आनंदाने हसत नव्हत्या. हसण्याबरोबर रडणं होतं, अस्वस्थपणा होता, आणि मागे मनावरचा ताण होता. हसू भीतीतून येतं, लाजेतून येतं, ओशाळेपणातूनही येतं.

पण शोकातल्या हसण्याचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे, आणि तो तुम्हाला धीर देईल. जॉर्ज बोनानो आणि डॅकर केल्टनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, मृत्यूला साधारण सहा महिने झाल्यानंतर. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ज्यांना मधेच खरं, डोळ्यांपर्यंत पोचणारं हसू आलं, त्यांचा त्रास कमी होता आणि इतरांशी नातं चांगलं होतं. डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला गेला की ते हसू खरं, असं त्यांनी मानलं होतं. म्हणजे शोक आणि हसू एकाच माणसात, एकाच बैठकीत राहू शकतात. हसल्याने दुःख खोटं ठरत नाही.

हे मी मुद्दाम ठासून लिहितेय. आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईला हसताना पाहिलं की अजून माणसं कुजबुजतात, "वर्षसुद्धा झालं नाही अजून." तुमच्या नात्यात असं कुणी बोललं तर आईंपर्यंत ते पोचण्याआधी तुम्ही उत्तर द्या. आणि उलट बाजूने, क्लबात कुणी "रडायचं नाही, इथे फक्त हसायचं" असा नियम लावत असेल तर तोही मानू नका. चांगल्या गटात एखाद्या सकाळी कुणी रडलं तर चार जणी शेजारी बसतात.

आई दुःख दाबतायत का, हे क्लबात हसण्यावरून कळणार नाही, घरी कळेल. वडिलांचा विषय निघाला की त्या बोलतात का? आठवण सांगताना कधी डोळे भरतात, कधी हसू येतं, असं होत असेल तर काळजी नको. विषय निघताच त्या उठून जात असतील, तर तुम्हीच हळूहळू बोलायला सुरुवात करा, वडिलांच्या एखाद्या सवयीपासून, खोडीपासून.

माझ्या कामातलं एक राहिलं. हर्निया, काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयाचा त्रास, किंवा नुकतंच पोटाचं वा डोळ्याचं ऑपरेशन यांतलं काही असेल तर जोर लावून हसण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. आणि या वयात अनेक बायकांना हसताना थोडी लघवी होते. त्या कुणालाही सांगत नाहीत, गुपचूप क्लब सोडून देतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून केले तर बहुतेकींना चांगला फरक पडतो, तेव्हा आईंनी अचानक जाणं बंद केलं तर बहिणीला किंवा बायकोला हळूच विचारायला सांगा.

झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर क्लबावर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'आता जगून काय करायचं' असं त्या बोलल्या तर त्याच दिवशी. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.