‘काहीतरी बोलल्या म्हणे’

पत्र : माझ्या नवऱ्याला एचआयव्ही असल्याचं कळून नऊ वर्षं झाली. मला लागण नाही. गोळ्या सुरू झाल्या, वर्षभरात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, रिपोर्टमध्ये सापडेनासा झाला आणि आमचा संसार रुळावर आला. मध्यंतरी गोळ्या मिळतात त्या सेंटरमधल्या बाई त्याला काहीतरी बोलल्या म्हणे, तेव्हापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, गोळ्या मीच आणते. एकही तारीख चुकवलेली नाही. मागच्या आठवड्यात जुनी बॅग उघडली तर आत अकरा बाटल्या निघाल्या, सील न फोडलेल्या. तो दिसायला अगदी ठणठणीत आहे. रोज रात्री माझ्यासमोर पाणी पितो आणि ‘घेतली’ म्हणतो. मी अजून काही बोलले नाही. इतकं खोटं बोलणाऱ्या माणसावर पुन्हा विश्वास कसा ठेवू?

उत्तर :

काय बोलल्या?

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बाटल्या किती, तारखा किती, खोटं किती, सगळं त्यात चोख आहे. त्या बाई काय बोलल्या तेवढं नाही. ‘काहीतरी’ आणि ‘म्हणे’ या दोन शब्दांत तुम्ही दीड वर्ष गुंडाळून ठेवलंत. तुम्ही विचारलंच नाहीत ना? तो म्हणाला, मी तिथे जाणार नाही, आणि तुम्ही पिशवी उचलून चालू लागलात. मला तुमचा राग येतोय, सांगून टाकते.

आधी बाटल्यांचं बघू. महिन्याला एक बाटली, दीड वर्षात अठरा. अकरा सीलबंद आहेत, म्हणजे सात संपल्या. ते जे काही ऐकलं, त्यानंतरही हा माणूस सात महिने गोळ्या घेत होता. (सात ओतून दिल्या असतील, असं म्हणाल. ज्याला ओतून देता येतं तो अकरा साठवत नाही.) मग कधीतरी थांबला. आणि थांबल्यावर त्या कचऱ्यात टाकल्या नाहीत, तुमच्याच घरातल्या बॅगेत रचून ठेवल्या, आज ना उद्या तुमचा हात पडेल अशा जागी. मला तर वाटतं, तो सापडायची वाट बघत होता.

तुम्ही एकही तारीख चुकवली नाहीत, तेच नडलं. अनेक देशांतल्या कार्यक्रमांत ठरलेल्या तारखेनंतर २८ दिवस पेशंट आला नाही की त्याचं नाव उपचार सुटलेल्यांच्या यादीत जातं आणि शोध सुरू होतो. कुणीतरी फोन करतं, का आला नाहीत विचारतं. तुमच्या नवऱ्याला तो फोन आला नाही, कारण रजिस्टरमध्ये तो नियमित आहे. उपचारात टिकलात तुम्ही. पेशंट केव्हाच गळाला.

घरच्यांनी गोळ्या आणण्यात वाईट काही नाही. तब्येत स्थिर असलेल्यांना तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, फेऱ्या वाचाव्यात म्हणून. पण वर्षातून एकदा व्हायरल लोडसाठी रक्त द्यावं लागतं, आणि तिथे तुमचं रक्त चालत नाही. त्याने शेवटचं कधी दिलं?

ठणठणीत दिसण्यावर जाऊ नका. गोळ्यांनी विषाणू दबतो, संपत नाही. काही पेशींमध्ये तो दडून राहतो आणि गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. माणसाला पत्ताही लागत नाही. अधूनमधून गोळ्यांना सुट्टी दिली तर चालेल का, हे बघायला सुमारे ५,५०० जणांवर ‘स्मार्ट’ नावाची चाचणी झाली होती. २००६ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण सुट्टी घेणाऱ्यांमध्ये आजारपणं आणि मृत्यू जास्त होते.

आणि तुमचं स्वतःचं. विषाणू दबलेला असेल तर जोडीदाराला लागण होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात ८८८ जोडपी होती, कंडोमशिवायचे सुमारे ५८,००० संबंध, आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. ते कवच आता तुमच्यावर नाही. तुमची तपासणी लगेच करून घ्या, आणि त्याचा व्हायरल लोड पुन्हा दबल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कंडोम. यात भीड नको.

आता त्या बाई. मी स्वतः एकदा दाताच्या दवाखान्यात ‘शिकलेल्या दिसता, आणि तोंडाची ही अवस्था?’ एवढंच ऐकून आले होते. चार वर्षं दाढ दुखत ठेवली, पण पुन्हा पायरी चढले नाही. ती नुसती दाढ होती. तुमच्या नवऱ्याला तिथे काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज मी करणार नाही. तुम्हीही करू नका. विचारा.

आज रात्री. तो पाण्याचा ग्लास उचलेल तेव्हा बॅगेचा विषय काढू नका, विश्वासाचा तर मुळीच नाही. एवढंच म्हणा : ‘त्या दिवशी त्या बाई तुला काय बोलल्या?’ आणि गप्प बसा. तो ‘जाऊ दे’ म्हणेल. जाऊ देऊ नका. उद्या रात्री पुन्हा विचारा.

त्याने सांगितलं की बॅग उघडा आणि या आठवड्यातच दोघं मिळून सेंटरला जा. बॅगेतली गोळी घरच्या घरी परत सुरू करायची नाही. इतक्या खंडानंतर आधी डॉक्टरांनी सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) आणि क्षयाची तपासणी बघायला हवी. त्या बाईंचं तोंड बघवत नसेल तर दुसऱ्या सेंटरला बदली मागा. तसं करता येतं, कागद घेऊन. खोलीत तो एकटा जाईल, तुम्ही बाहेर बाकावर बसा. अकराही बाटल्या सोबत न्या, सील दाखवा. पिशवी त्याच्या हातात द्या.