मावशींची पाण्याची गोळी

‘आई डॉक्टरांसमोर बसली की “बरं आहे” एवढंच म्हणते. बाहेर आलो की जिन्यातच सगळ्या तक्रारी सुरू. आत मी काही सांगायला गेले तर डोळे वटारते. परवा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, “गोळ्या चुकतात हे कळलं तर डॉक्टर ओरडतील ना!” हिचं काय करू?’

हा प्रश्न गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारला. पण महिन्यातून दोन-तीनदा तो कुणी ना कुणी विचारतंच. कधी आईबद्दल, कधी सासऱ्यांबद्दल. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तो स्वतःबद्दलच विचारला होता. आयुष्यभर पोरांवर ओरडलेला माणूस आपल्या मुलाच्या वयाच्या डॉक्टरला घाबरत होता.

अशा वेळी मला भाजीवाल्या मावशी आठवतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सांगली भागातल्या. वय साठीच्या आत-बाहेर, हृदयाचं पंपिंग कमी झालेलं. मी ज्या रुग्णालयात समुपदेशक होते, तिथे त्या सहा महिन्यांत तीनदा दाखल झाल्या. प्रत्येक वेळी तेच. पाय सुजून चपलेत मावत नाहीत, दम लागतो, आडवं झोपलं की गुदमरतं म्हणून रात्रभर भिंतीला टेकून बसायचं. वॉर्डात इंजेक्शनं दिली की चार दिवसांत पाणी उतरायचं, मावशी हसत घरी जायच्या आणि दोन महिन्यांनी परत यायच्या.

दुसऱ्या खेपेला त्यांना माझ्याकडे पाठवलं. डॉक्टरांची चिठ्ठी होती, ‘औषधं नियमित घेत नाही, समजावणे.’ मी समजावलं. हृदय म्हणजे काय, पाणी का साठतं, मीठ का कमी, पापड-लोणचं का बंद. मावशी मान डोलावत होत्या. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ म्हटलं. ‘घेते की.’ मी रजिस्टरात ‘समजावून सांगितले’ असं लिहिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. आज तो रकाना आठवला तरी लाज वाटते. ज्या प्रश्नाचं ‘घेते की’ सोडून दुसरं उत्तर देताच येणार नाही, असा प्रश्न विचारून मी मोकळी झाले होते.

तिसऱ्या खेपेला वॉर्डात नवा रेसिडेंट डॉक्टर होता, नागपूरकडचा. दुपारचे तीन वाजले असतील, राउंड संपलेला, नातेवाईकांची वेळ व्हायची होती. त्याने स्टूल ओढलं आणि मावशींच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलल्यावर खळगा पडला. तो भरून यायला किती वेळ लागतो ते बघत बसला आणि बघता बघता विचारलं, ‘मावशी, सकाळी उठल्यापासून तुमचा दिवस कसा जातो? मला सांगा बरं.’

गोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाही त्याने.

मावशींनी सांगायला सुरुवात केली. पहाटे चारला उठायचं. टेम्पोतून सौद्याला जायचं, माल घ्यायचा, सातला बाजारात पाटी लावायची. दोन-अडीचपर्यंत तिथंच. मग एकदम आवाज खाली गेला. ‘डाक्टर, ती सकाळची पाण्याची गोळी घेतली की घटकेघटकेला जायला लागतंय. बाजारातल्या संडासाला कुलूप. पाटी सोडून जाऊ कुटं? म्हून बाजाराच्या दिवशी न्हाई घेत. गुरवारी बाजार बंद, तवा दोन घेते एकदम.’

मी शेजारच्या कॉटपाशी उभी होते. कानावर पडलं आणि पाय तिथेच थांबले. तीन वेळा दाखल झालेल्या बाईचं खरं कारण होतं कुलूपबंद संडास! आमच्या एकाही केसपेपरवर ते नव्हतं. उलट मागच्या वेळी गोळीचा डोस वाढवला होता. ज्या गोळीने बाजारात पंचाईत होते, तीच अजून मोठी.

तो ओरडला नाही. ‘बरं झालं सांगितलं,’ म्हणाला. दोन गोळ्या एकदम का घ्यायच्या नाहीत ते मात्र नीट सांगितलं, रक्तदाब उतरतो, चक्कर येते, अंगातले क्षार कमी-जास्त होतात. मग विचारलं, ‘घरी किती वाजता पोचता?’ ‘तीन.’ ही गोळी, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड, पोटात गेल्यावर तासाभरात काम सुरू करते आणि साधारण सहा तास करते. सकाळी द्यायची ती रात्रीची झोप मोडू नये म्हणून. मावशींची सकाळ कुठे असते हे कुणी विचारलंच नव्हतं. वरच्या डॉक्टरांना विचारून त्याने वेळ बदलली. ‘साडेतीनला घेऊन पाहा, जमून जाते.’ रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न बघता यायचं, असंही ठरलं. घरी काटा नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात धान्य मोजायचा होता, तो चालला.

हे सगळं मिळून दहाएक मिनिटं. आता कुणी म्हणेल, वॉर्डात दुपारी ठीक आहे, दोनशेच्या ओपीडीत कसं जमायचं? खरं आहे. तो पोरगाही ओपीडीत घाईत असायचा, मी पाहिलंय. तरी एक अभ्यास सांगते. स्वित्झर्लंडमधल्या एका विद्यापीठ रुग्णालयात ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिलं आणि घड्याळ लावलं. सरासरी ९२ सेकंदांत ते आपणहून थांबले. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. मी आमच्या एका सरांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘आपल्या पेशंटला दोन मिनिटं द्या, तो लग्नापासून सुरू करेल.’ करतील काही जण! सगळे नाही.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? आईला दवाखान्यात बोलायला लावू नकोस, आधी घरी विचार. भाजी निवडताना, टीव्हीसमोर. ‘गोळ्या घेतेस का’ असं नाही, ‘कुठली गोळी नकोशी वाटते’ असं. उत्तर आलं की लगेच उपदेश नको. तू ओरडलीस तर डॉक्टरकडे जायच्या आधीच विषय बंद. मग एका कागदावर दोनच ओळी लिही. कुठली गोळी चुकते आणि का. आत गेल्या गेल्या, तपासणी सुरू व्हायच्या आधी तो कागद समोर ठेव, कारण ‘अजून एक सांगायचं होतं’ हे दाराशी उभं राहून म्हटलं की कुणी ऐकत नाही. अर्ध्या भरलेल्या पट्ट्याही पिशवीत घालून ने. आणि वाक्य असं असू दे, ‘ही गोळी जमत नाहीये, वेळ किंवा औषध बदलता येईल का?’ बदल घरच्या घरी मात्र करायचा नाही. मावशींची वेळ बदलली म्हणून तुमची चालेल असं नसतं.

‘आणि तरी ओरडले तर?’ तिने विचारलं.

ओरडतील काही. एकदा ओरडू दे, पण कागद त्यांना वाचायला लाव. दरवेळी कागद बाजूला सारून नुसतंच ओरडत असतील तर दुसरा डॉक्टर बघ, त्यात बेइमानी नाही. हुशार पण ऐकत नाही, अशा डॉक्टरचं लोक फार कौतुक करतात. मला ते कधी पटलं नाही. आजारी माणूस पुढ्यात बसून खोटं बोलतोय हे ज्याला कळत नाही, त्याची हुशारी कुठल्या माहितीवर चालणार?

मावशी त्यानंतर वर्षभर दाखल झाल्या नाहीत. फॉलोअपला यायच्या तेव्हा मळकी वजनाची वही आणि मेथीची एक जुडी हातात असायची. एकदा ओपीडीत बसताक्षणी, डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, ‘भाचीच्या लग्नाला गेलते. दोन दिस गोळी न्हाई घेतली. लिवा तुमच्या कागदावर.’

डॉक्टरांनी लिहिलं.