आजोबा परत आले, म्हणून बॉम्ब योग्य?

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीतून ब्रह्मदेशात लढले. ‘अणुबॉम्ब पडला म्हणून मी घर पाहिलं,’ असं ते म्हणायचे. माझी अकरावीतली मुलगी म्हणते, हे अभिमानाने सांगणंच लाजिरवाणं आहे. जेवताना रोज वाद. कोण बरोबर?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आजोबांना आधी सोडवू. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानच्या ताब्यातल्या मलायात उतरायची तयारी चालली होती आणि त्यात हिंदी पलटणी होत्या. युद्ध लांबतं, तर कदाचित तेही त्या बोटीवर असते. जीव वाचलेल्या शिपायाने सुटकेचा श्वास टाकला, त्यात लाज कसली?

पण ‘बॉम्ब टाका, नाहीतर किनाऱ्यावर लाखो सैनिक मरतील’ अशा दोनच वाटा होत्या, हे मला पटत नाही. जपानच्या क्युशू बेटावरची चढाई १ नोव्हेंबरला ठरली होती, म्हणजे हाती वेळ होता. सम्राटाची गादी राखू, एवढं जपानला शरण यायला सांगणाऱ्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्यात स्पष्ट सांगता आलं असतं. शेवटी ती राहिलीच. निर्मनुष्य जागी स्फोट करून दाखवा, असं अणुबॉम्बच्या प्रकल्पातल्याच जेम्स फ्रँक आणि सहकारी शास्त्रज्ञांनी जूनमध्येच लिहून दिलं होतं. अर्थात थांबणंही फुकट नव्हतं. जपानशी झुंजणाऱ्या चीनमध्ये माणसं रोज मरत होती, हे मुलीनेही ध्यानात घ्यावं.

नागासाकीचं समर्थन मात्र मला कुठेच सापडत नाही. हिरोशिमानंतर तीनच दिवस! रशिया नुकताच युद्धात उतरला होता. टोकियोला विचार करायला उसंत तरी द्यायची. त्या दिवशीचं पहिलं लक्ष्य तर कोकुरा होतं. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून विमान पुढे गेलं.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्ही पाहिलं असेलच. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. त्या ओकायामावर २९ जून १९४५ ला आगीचे बॉम्ब पडले. सतराशेहून अधिक माणसं गेली, जुना किल्ला जळाला. टोकियोत तर मार्चमधल्या एका रात्रीत सुमारे लाखभर. अणूचा संबंध नाही, साधेच बॉम्ब! शहरं जाळणं तोवर रोजचं काम होऊन बसलं होतं, म्हणून ६ ऑगस्टला कुणाचा हात फारसा अडखळला नाही. माझ्या लेखी गुन्हा तिथे सुरू होतो, बॉम्बच्या आकारात नाही.

मुलीचा राग रास्त आहे, फक्त पत्ता चुकलाय. आजोबांनी लक्ष्य निवडलं नव्हतं. ते निवडायला समिती होती; तिच्या मे १९४५ च्या बैठकांची टिपणं आता खुली आहेत. ती दोघांनी मिळून वाचा.